परतीची वेळ

जंगलाच्या कडेला जिथे कच्चा रस्ता संपतो तिथे आमच्या आधीच कोणाची तरी गाडी लागलेली होती. पहाटेचा काळोख होता. बुटाच्या नाड्या आवळताना माझ्या डोक्यावरच्या बॅटरीचा झोत तिच्या काचेवर पडला आणि आत, डॅशबोर्डवर ठेवलेला कागद दिसला. मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: दोघं जण आहोत. पूर्वेकडच्या ओढ्याने वर, दुपारपर्यंत मधल्या धारेवर, त्याच वाटेने परत. दोघांची जाकिटं नारिंगी, एकाची सॅक निळी. खाली परतायची वेळ, त्यानंतर किती वाट बघून कोणाला फोन करायचा ते, आणि नंबर. मामा मागे बंदुकीची पेटी उघडत होते. मी काय वाचतेय हे त्यांच्या लक्षात आलं. "शहाणी माणसं दिसताहेत," म्हणाले, आणि आमचा कागद काढून त्यांनी आमच्या काचेखाली सरकवला. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा ती गाडी निघून गेलेली होती, म्हणजे दोघंही धड आले. तरी तो कागद माझ्या डोक्यातून काही जाईना. जंगलात पाऊल टाकायच्या आधी या दोघांनी आपण परत न येण्याची कल्पना सॅकच्या रंगापर्यंत नीट करून पाहिली होती, ती स्वच्छ अक्षरात लिहून काढली होती, आणि मग उत्साहाने शिकारीला गेले होते. कोणासाठी लिहिलं होतं ते? ओळखीच्या कोणासाठीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही ती गाडी तिथेच दिसली असती, तर जो कोणी काचेतून आत डोकावला असता त्याच्यासाठी.

मी स्वतः बंदूक हातात घेत नाही. आम्ही जातो तिथे शिकार कायद्याने चालते: मामांकडे परवाना असतो, हंगाम ठरलेला असतो, किती जनावरं घ्यायची तेही ठरलेलं असतं, आणि मारलेलं सगळं खाल्लं जातं, टाकलं काही जात नाही. हे सगळं माहीत असूनही बार झाला की माझ्या पोटात खड्डा पडतो, आणि हा खड्डा कधी बुजावा असंही मला वाटत नाही. मी जाते ती वाटेसाठी. नकाशा आणि होकायंत्र माझ्या गळ्यात असतं, जनावर मामांच्या डोळ्यांत असतं. ही वाटणी आपोआप झाली आणि आता तिच्यावाचून आमचं चालत नाही. कारण शिकाऱ्याची चाल इतरांसारखी नसते. डोंगर चढणाऱ्याला शिखर माहीत असतं, मळलेली वाट असते. शिकाऱ्याची वाट दुसरंच कोणी ठरवत असतं. वारा तोंडावर घेऊन चालायचं, नाहीतर जनावराला वास लागतो, म्हणजे दिशा वाऱ्याने ठरवली. पुढे खुरांचा माग लागला की दिशा खुरांनी ठरवली. आणि हरणं हलतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्यामुळे दिवसाची दोन्ही टोकं काळोखात बुडालेली. ज्या वेळी माणसाला सगळ्यात कमी दिसतं, नेमकी तीच शिकारीची वेळ.

शिवाय माग काढणारा माणूस खाली बघत चालतो. हे मी मामांच्या मागून चालताना कितीदा पाहिलंय. उठलेलं गवत, दुमडलेलं पान, चिखलात रुतलेल्या खुराच्या कडेला अजून न सुकलेलं पाणी. ते वाचत ते पुढे जातात आणि त्या वेळी त्यांच्या मानेला वर उचलायची आठवणच राहत नाही. लक्ष इतकं एकवटतं की भोवतालचं जंगल पुसलं जातं. मी तेवढ्यात मागे वळून बघत असते. ही सवय लावून घ्यावी लागते, आपोआप लागत नाही. येताना डावीकडे असलेला फाटका ओंडका जाताना उजवीकडे असतो एवढंच नाही, तो दुसऱ्या बाजूने दुसराच ओंडका दिसतो. म्हणून दर वळणावर, दर ओढ्याच्या काठावर थांबून मागचं चित्र डोळ्यांत भरून घ्यायचं, कारण परतताना तेच समोर येणार असतं.

सरळ चालणं म्हणजे काय मोठंसं, असं मलाही पूर्वी वाटायचं. २००९ साली यान सौमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतले हे संशोधक. त्यांनी माणसांना जर्मनीतल्या एका दाट सपाट जंगलात आणि ट्युनिशियातल्या सहाराच्या वाळवंटात सोडलं, फक्त सरळ चालत राहा म्हणून सांगितलं, आणि जीपीएसने त्यांची वाट टिपली. ऊन होतं तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढगाळ दिवशी जंगलात चालणारे गोल फिरले, आणि त्यांतल्या काहींनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, तीही लक्षात न येता. डोळे बांधून चालवलेल्यांची वर्तुळं तर कधी कधी वीस मीटरांहूनही लहान निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस एका बाजूला झुकतो, ही जुनी समजूत त्यात टिकली नाही. तोच माणूस कधी डावीकडे वळायचा, कधी उजवीकडे. सरळ म्हणजे कुठे, याचा शरीराचा अंदाजच हळूहळू भरकटत जातो. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वर्तुळ ही वाटत नाही. त्या माणसांना आपण सरळ चाललोय याची खात्री होती, ही वाटते. भरकटताना आतून काहीच वेगळं जाणवत नाही.

म्हणून होकायंत्र. आणि होकायंत्राबद्दल पहिली गोष्ट जी मला मामांनी शिकवली ती कुठल्याही पुस्तकी धड्याच्या आधी यायला हवी असं माझं मत आहे. "अगं, बंदुकीपासून लांब जा आधी." मी दोन पावलं सरकले आणि काटा माझ्या डोळ्यांदेखत हलला, किंचित थरथरला आणि दुसरीकडेच जाऊन स्थिरावला. नळीचं पोलाद त्याला ओढत होतं. फोन, बॅटरीचा दिवा, हातमोज्याच्या चुंबकी बटणासारखी फालतू गोष्टसुद्धा हे करू शकते. ज्याच्यावर डोळे झाकून विसंबायचं ते यंत्र खांद्यावरच्या हत्याराने फितूर व्हावं, याची मला तेव्हा भीतीच वाटली. त्यानंतर दिक्पात. नकाशाची उत्तर आणि काट्याची उत्तर एक नसते. दोन्हींतला फरक ठिकाणानुसार बदलतो, वर्षांनुसारही सरकतो, म्हणून नकाशाच्या कोपऱ्यात तो सालासकट छापलेला असतो. फरक दहा अंशांचा असेल आणि तुम्ही तो धरलाच नाही, तर एक किलोमीटर चालून तुम्ही सुमारे पावणेदोनशे मीटर बाजूला पडता. दाट झाडीत पावणेदोनशे मीटरवर उभी असलेली गाडी दिसत नाही.

याला एक सुंदर उपाय आहे, आणि तो मला इतका आवडतो की संधी मिळेल तिथे मी तो वापरते. समजा ओढ्यावरच्या लाकडी साकवाशी गाडी उभी आहे. थेट साकवाची दिशा धरून निघालात आणि ओढ्यापाशी पोचल्यावर साकव दिसला नाही, तर तो डावीकडे राहिला की उजवीकडे हे कळायला मार्ग नाही. म्हणून मुद्दाम चुकीची दिशा धरायची. ठरवून साकवाच्या बरंच डावीकडे जायचं. ओढा लागला की उजवीकडे वळायचं, काठाने चालायचं, साकव येणारच. अचूक असण्याचा हट्ट सोडला की पोचणं सोपं होतं. तसंच ओढा, धार, तारेचं कुंपण यांना हाताशी धरून चालायचं. आणि आपण जास्त पुढे गेलो तर कुठल्या नकळत ओलांडता न येणाऱ्या गोष्टीवर आपटू, एखादा रस्ता, एखादी नदी, ते निघायच्या आधी नकाशात शोधून ठेवायचं. झाडाच्या उत्तरेला शेवाळ असतं वगैरे मी ऐकलंय, जंगलात जाऊन पाहिलंही आहे. ओलावा असेल तिथे ते चहूबाजूंनी असतं.

आकाश मात्र भरवशाचं. उत्तर गोलार्धात ध्रुव खऱ्या उत्तरेपासून एका अंशाच्याही आत असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण थंडीतल्या रात्री माझी नजर जाते ती मृगाकडे. आपल्या गोष्टीत व्याधाने मृगावर बाण सोडलेला आहे आणि तो बाण, एका ओळीतले तीन तारे, मृगाच्या पोटात रुतलेला आहे. त्या तिघांतला जो सर्वांत आधी उगवतो तो खगोलीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे, म्हणून पृथ्वीवर कुठेही उभे असा, तो जवळजवळ नेमका पूर्वेला उगवतो आणि नेमका पश्चिमेला मावळतो. शिकाऱ्याच्या बाणानेच दिशा दाखवावी याचं मला दर वेळी नव्याने अप्रूप वाटतं. मामा जनावराची वाट बघत दबा धरून बसलेले असतात, मी मान वर करून.

फोनबद्दल लोक दोन टोकांचं बोलतात. तो सगळं करतो म्हणणारेही भेटतात, त्याच्यावर विसंबूच नका म्हणणारेही. मला दोन्ही पटत नाही. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, कारण त्याला आकाशातले उपग्रह लागतात, मोबाइलचा मनोरा लागत नाही. पण नकाशा घरून उतरवून घेतलेला नसेल तर पांढऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिसतो, बिनबोभाट, काहीही न सांगणारा. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. म्हणून फोन फ्लाइट मोडवर, आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. गाडीची जागा निघतानाच टिपून ठेवलेली. आणि कागदी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत, कारण पावसात भिजलेला नकाशा घडीवर फाटतो आणि नेमकी आपण उभे असलेली जागा त्या घडीवरच असते.

आता त्या संध्याकाळबद्दल.

बार झाला तेव्हा उन्हं कलती झाली होती. हरीण दचकलं, पाठ कमानीसारखी झाली, आणि ते झाडीत घुसलं. गोळी लागली होती, मामांना शंका नव्हती. लगेच मागे धावायचं नसतं. जखमी जनावराला कोणी मागे येत नाही असं वाटलं तर ते थोड्या अंतरावर बसतं. पाठलाग झाला तर मरणाच्या वाटेवरही ते कुठल्या कुठे जातं. आम्ही थांबलो. मग जिथे ते उभं होतं तिथे गेलो. रक्त गडद होतं, जवळजवळ तपकिरी. फुप्फुसाचं रक्त लालभडक, फेसाळ असतं आणि ते जनावर फार दूर जात नाही. गडद रक्त म्हणजे बहुधा यकृत, म्हणजे आणखी थांबायला हवं. मामांचा चेहरा उतरला. हात लांब करून मी सूर्य आणि डोंगराची कड यांच्यामध्ये बोटं धरली. एका बोटाला साधारण पाव तास. माझी चारही बोटं मावत नव्हती.

आणखी थोडं थांबून आम्ही निघालो. दर थेंबापाशी मी टिश्यू पेपरचा तुकडा फांदीला अडकवत होते. पानाच्या टोकावर एक थेंब, मग पाच-सहा पावलांवर दगडावर घासलेला पट्टा, मग काहीच नाही, मग पुन्हा गवताच्या पात्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर. मागे वळून पाहिलं की पांढऱ्या तुकड्यांची रांग दिसायची, आणि ती रांग जनावर कुठे झुकतंय तेही सांगायची: उताराकडे, पाण्याकडे. ज्याला मारलं म्हणून माझ्या पोटात खड्डा पडला होता, त्याला शोधायला आता मी मामांपेक्षा अधीर झाले होते. ते कुठेतरी बसलेलं असेल, श्वास घेत असेल, आणि आम्ही मधेच सोडून कसं जाणार? तेवढ्यात मामांच्या घड्याळाचा गजर झाला. घरून निघतानाच लावलेला, परतीच्या वेळेचा. समोर घळ सुरू होत होती. नकाशात तिथल्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, एकमेकींना चिकटल्या होत्या: उतार अगदी उभा. मामा शेवटच्या थेंबापाशी बसले, त्यांनी तिथे नारिंगी फीत बांधली, मला जागा टिपायला सांगितली, पुढच्या मागाची दिशा नकाशावर लिहून घेतली. "चला," म्हणाले. मी म्हटलं, आणखी थोडंसं. ते म्हणाले, "हे आणखी थोडंसंच माणसं खातं."

बॅटरीच्या उजेडात ते पांढरे तुकडे एकामागून एक उजळत गेले आणि त्यांच्यामागून आम्ही बाहेर आलो.

सकाळी फितीपासून हाकेच्या अंतरावर, घळीच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या झाडामागे ते सापडलं. अंगावर दव गोठलं होतं. रात्री केव्हा मेलं, ते आम्हाला कळणार नव्हतं, आणि मामांनी त्या दिवशी कोणाशी फारसं बोलणंही केलं नाही. परतलो ते बरोबर केलं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. अंधारात त्या घळीत पाय गेला असता तर दुसऱ्या दिवशी हरणाबरोबर आम्हा दोघांनाही शोधावं लागलं असतं. पण बरोबर केल्याने हलकं वाटतंच असं नाही, आणि जखमी जनावराचं देणं ते देणंच राहतं. शिकारीत तयारी म्हणतात तिचा सर्वांत अवघड भाग मला हा वाटतो: घरी, चहा पिताना, शांत डोक्याने लावलेला गजर संध्याकाळच्या तापलेल्या डोक्याने ऐकायचा. जंगलातलं आपलं डोकं त्या वेळी निर्णय घेण्याच्या लायकीचं नसतं, म्हणून तो आधीच कोणीतरी घेऊन ठेवायला लागतो, आणि ते कोणीतरी म्हणजे आदल्या दिवशीचे आपणच.

माझ्या सॅकमध्ये काय असतं ते विचारतात लोक, त्यात नवल काही नाही. दोन बॅटऱ्या, कारण एकीचे सेल बदलायलाही दुसरीचा उजेड लागतो. काडेपेटी आणि लायटर वेगवेगळ्या खिशांत. पातळ ताडपत्री, सुती नसलेला कोरडा जोड, पाणी, खाणं, शिट्टी. थंडी म्हणजे बर्फ असा गैरसमज असतो. शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानातही भिजलेला माणूस वाऱ्यात गारठून मरू शकतो. पाणी अंगाची उष्णता हवेपेक्षा कितीतरी पटींनी वेगाने खेचून घेतं आणि सुती कापड पाणी धरून ठेवतं. चढताना घाम येतो, मग जनावराची वाट बघत तासन्‌तास निश्चल बसायचं, त्याच घामात. म्हणून चढताना थोडं कुडकुडतच चढायचं आणि जाकीट बसल्यावर घालायचं. शरीराचं तापमान पस्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की आधी बोटं ऐकेनाशी होतात, मग जीभ जड होते, मग विचार. ज्याला हे होतंय त्याला ते कळत नाही, सोबत्यालाच ओळखावं लागतं. शिट्टी मदत मागायला असते. त्यासाठी हंगामात हवेत तीन बार काढले तर दिवसा कोणी दखल घेईलच असं नाही, सगळीकडूनच बार ऐकू येत असतात. शिट्टीच्या ओळीने तीन फुंका मात्र कोणत्याही जनावराच्या तोंडून निघत नाहीत आणि ओरडून घसा बसतो तशी ती बसत नाही. नारिंगी जाकिटाचं मला फार बरं वाटतं, कारण माणसाच्या डोळ्यात ते खुपतं आणि हरणाला तो रंग हिरव्यापासून वेगळा काढता येत नाही.

आणि हरवलंच कोणी, तर एका जागी थांबायचं. हे सांगायला सोपं आहे. १९८१ साली कॅलिफोर्नियात डोंगरात हरवलेला एक लहान मुलगा शेकडो माणसं शोधत असूनही वाचला नाही. त्यानंतर तिथे मुलांना शिकवायला सुरुवात झाली की वाट चुकलात तर एखादं झाड धरा आणि त्याला बिलगून राहा. मोठ्यांनाही हे शिकवायला हवं. ताशी तीन किलोमीटरने चार तास चाललेला माणूस बारा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकतो, म्हणजे साडेचारशे चौरस किलोमीटर. एवढं जंगल कोणी कसं पिंजून काढणार? "पूर्वेकडच्या ओढ्याने वर, मधल्या धारेवर" एवढ्या शब्दांनी त्याची एक अरुंद पट्टी होते. त्या अनोळखी दोघांचा कागद मला का सोडत नव्हता ते हा हिशोब मांडल्यावर उमगलं. मला आधी त्यात भीती दिसली होती. तो सौजन्याने लिहिलेला होता. आपल्यासाठी रात्री झोपेतून उठून, पावसात, स्वतःचा जीव धोक्यात घालून कोणीतरी येईल हे गृहीत धरून, त्या न पाहिलेल्या माणसांचे श्रम कमी करण्यासाठी.

हल्ली मी उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्रही जवळ ठेवते. मामांना ते आवडत नाही. बटण आहे म्हटलं की पाय आणखी पुढे पडतात, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, तरी मी ते घरी ठेवणार नाही. पाय मोडलेल्या माणसाला तत्त्व उपयोगी पडत नाही. आमचा खरा वाद वेगळाच आहे, तो गजराच्या वेळेचा. मामा अंधाराच्या बेताने गाडीशी पोचण्याचा हिशोब करतात. मला त्याच्याही अर्धा तास आधी वळायचं असतं, कारण परतीची वाट आलेल्या वाटेइतक्या वेळात संपते हे मी कधी पाहिलेलं नाही, त्यात खांद्यावर मांसाचं ओझं असेल तर नाहीच. तडजोड म्हणून आम्ही एक नियम केला: दोघांपैकी एकाने जरी "फिरू या" म्हटलं तरी दुसऱ्याने जागेवर का म्हणून विचारायचं नाही, वाद वाटेत घालायचा. गेल्या हंगामात मी म्हटलं तेव्हा समोरच्या धारेवर ताजा माग होता. मामा थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग बंदुकीतली काडतुसं काढून त्यांनी खिशात टाकली आणि वळले. गाडीपर्यंत आम्ही दोघं कडाकडा भांडत आलो. उजेड अजून बराच होता, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि उजेड होताही. पुढच्या हंगामाची आखणी करताना यावरून पुन्हा वाजणार हे मला माहीत आहे. माझा अर्धा तास मी सोडणार नाही.